बिघाड सोबत आणावा

जिंतूर रोडला पंक्चरच्या दुकानाला लागून एक पत्र्याची खोली होती. तिच्यावर दुकानाचं नाव नव्हतं, मालकाचं नव्हतं, कोणत्याही देवाची कृपाही नव्हती. पांढऱ्या रंगात एकच वाक्य लिहिलेलं होतं: 'बिघाड सोबत आणावा.'

परभणीत नवा आलेला माणूस ही पाटी वाचून हसायचा. ज्याच्याकडे मोटार होती तो हसायचा नाही. रस्त्यावर चार वेळा बंद पडलेली गाडी त्या खोलीसमोर आली की अगदी गुणी व्हायची. साहेबांची चाहूल लागताच कचेरीतली सगळी माणसं जशी आपापल्या टेबलाशी दिसू लागतात, तसे गाडीचे सगळे दिवे, हॉर्न आणि वायपर तिथे हजर होत. मालक ओशाळून म्हणायचा, "आत्तापर्यंत होत होतं हो." त्यावर खोलीतले गृहस्थ बशीतला चहा पिणं न थांबवता बोटाने पाटी दाखवायचे.

लोक त्यांना बॅटरीवाले काका म्हणत. त्यांना ते आवडत नसे. "बॅटरी म्हंजी डबा. डब्याचं नाव माणसाला कामून द्यायलाव?" असं म्हणत, आणि हाकेला ओ देत. ते मोटारींच्या विजेचं काम करायचे, फक्त विजेचं. इंजिनाला हात लावत नसत, ते काम लोहारांचं असं त्यांचं मत होतं आणि आजूबाजूच्या मेकॅनिक लोकांना ते ऐकू जाईल इतक्या आवाजात ते सांगत.

भर मे महिन्यात अंगात पांढरा फुल शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. गाडीला हात लावण्याआधी घड्याळ काढून खिळ्याला अडकवायचे आणि साबणाने हात धुवायचे. काम झाल्यावर धुवायची गरज पडत नसे. "या कामात हात काळे झाले म्हंजी माणूस भलतीकडंच शोधायला," असं ते म्हणत. हत्यार म्हणावं तर एक होल्डरातला बल्ब, त्याला दोन वायरी आणि एका वायरीच्या टोकाला गोणी शिवायचं दाभण. कॉलेजातले फिजिक्सचे एक प्राध्यापक एकदा त्यांना दाखवायला काट्याचा मीटर घेऊन आले होते. काकांनी तो कौतुकाने उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "मीटर खोटं न्हाई बोलत सर. पण इचारलं तेवढंच सांगतंय. इचारायचं काय, ते ह्याच्यात कुठं लिहिलंय?" प्राध्यापक पुढे बराच वेळ बसले आणि जाताना मीटर विसरून गेले. तो कधी नेलाही नाही.

काकांचा तपास बॉनेट न उघडता सुरू व्हायचा. पत्र्याच्या पेटीवर बसून डोळे मिटून घेत. "काय झालं ते सांगू नका, ते मला दिसंल. कवा झालं ते सांगा." मग प्रश्न सुरू होत, आणि त्यांचा मोटारीशी संबंध लावताना मालकाची पंचाईत व्हायची. आदल्या दिवशी गाडी कोणी धुतली? मागं कोण बसलं होतं? पोतं होतं का माणूस? एका वकिलांच्या गाडीचा हॉर्न उजवीकडे वळताना आपोआप वाजे. काकांनी त्यांना विचारलं, "घरात लग्न कवा झालं?" वकील तारीख सांगायच्या ऐवजी चिडले. शेवटी कबूल झालं की पुतण्याच्या वरातीला गाडी सजवली होती. हारांची तार कोणीतरी आतल्या वायरीभोवती गुंडाळली होती आणि लग्न मोडलं नाही तशी तीही सुटली नव्हती.

बिघाड सापडला की काका एक चिठ्ठी लिहीत. जांभळ्या पेन्सिलीने, दोन-तीन ओळी: काय झालं, कशानं झालं, कोणामुळं झालं. ज्याच्यामुळे झालं त्याची चिठ्ठीवर सही घेत आणि मगच गाडीची किल्ली देत. सह्या झालेल्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या तारेत ओवलेल्या असत. "सही केली की माणूस तीच चूक दुसऱ्यांदा करताना लाजतोय," हे त्यांचं स्पष्टीकरण. मी कचेरीत सोळा वर्षं काढली होती आणि सहीचा असा परिणाम कधी पाहिला नव्हता. पण मी वाद घातला नाही.

या तारेवरची सर्वांत प्रसिद्ध चिठ्ठी एका कापसाच्या व्यापाऱ्याची होती. त्याच्या गाडीतला ऑइलचा दिवा सारखा लागत असे. दिवा लागला की सेठला धडधडायचं. यावर त्याने उपाय केला: गणपतीचं छोटं चित्र आणून बरोबर त्या दिव्यावर चिकटवलं. पुढे दोन महिने सेठची तब्येत उत्तम होती. मग मानवतच्या अलीकडे इंजिन जॅम झालं. गाडी ओढत आणली. काकांनी आधी चित्राला हात जोडले, मग ते नखाने अलगद सोडवलं आणि किल्ली फिरवली. मागे दिवा लालभडक.

"सेठ, लोक देवाला दिवा दाखवत्यात. तुमी दिव्याला देव दाखवला."

सेठ तासभर भांडला, सही करणार नाही म्हणून अडून बसला आणि शेवटी सही करून गेला. चिठ्ठीत होतं: 'तेल कमी. दिव्यानं सांगितलं. सेठनी ऐकलं नाही.'

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे आणि त्याची पाटी त्यांच्या अख्ख्या खोलीएवढी आहे. मला काका आठवतात ते मात्र मोटारीमुळे नाही. माझ्याकडे कधी मोटार नव्हती, मी सायकलवाला. माझी त्यांच्याशी गाठ पडली ती एका नोटिशीमुळे.

मी तेव्हा परभणीच्या एका सरकारी कचेरीत आस्थापनेचा कारकून होतो. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न भिजत पडलेला होता. मोर्चे निघत, निवेदनं येत, भिंतींवर एक घोषणा रंगे आणि तिच्याशेजारी दुसरी. आमचे साहेब वाईट नव्हते, साहेब होते. त्यांच्याकडे कचेरीची पांढरी मोटार होती आणि ते तिच्यात पुढे ड्रायव्हरशेजारी बसत. मागे बसलं तर लोकांना नीट दिसत नाही, असा त्यांचा अनुभव होता. उन्हाळ्यासाठी त्यांनी डॅशबोर्डवर एक चिमुकला पंखा बसवून घेतला होता. तो त्यांच्याकडेच तोंड करून फिरे.

गाडी चालवायचा गौतम. तिशीचा, अबोल, गाडी पुसण्यात देवघर पुसल्यासारखा गुंतणारा. चार वर्षं तो रोजंदारीवर होता आणि पुढच्या महिन्यात त्याला कायम करण्याचा कागद हलणार होता. तेवढ्यात गाडी बंद पडू लागली. एकदा नाही, तीन दौऱ्यांत तीनदा, आणि तिन्ही वेळा गावाच्या फाट्यावर. तिथे नेमकी माणसं उभी. तिसऱ्या वेळी त्यांत नामांतराचं निवेदन घेतलेली काही तरुण मंडळी होती. त्यांनी बंद गाडीभोवती गोळा होऊन साहेबांना त्यांचं स्वतःचं मत विचारलं. साहेबांवर असा प्रसंग नोकरीत पहिल्यांदाच आला असावा. ते खाली उतरले, गौतमला बोलू लागले, आणि गौतमने किल्ली फिरवताच गाडी एका झटक्यात चालू झाली. साहेबांनी त्या दिवशी त्याला त्याचं आडनाव विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदाच.

कचेरीत आल्यावर साहेब मला म्हणाले, "गाडी सारखी फाट्यावरच बंद पडते. ड्रायव्हरला नोटीस काढा. बघा काय ते."

मी बघितलं. मला माझ्या मसुद्यांचा अभिमान होता. मी लिहिलं की सदर वाहनचालकाने दौऱ्याच्या वेळी वाहन 'हेतुपुरस्सर' बंद पाडल्याचे दिसून येते, तरी सेवा समाप्त का करू नये याचा खुलासा सात दिवसांत करावा. 'हेतुपुरस्सर' हा शब्द साहेबांनी उच्चारला नव्हता. वाक्य त्याच्याशिवाय अधू वाटत होतं, म्हणून मी घातला. साहेबांनी सही केली. गौतमने नोटीस घेतली, वाचली, घडी केली आणि मला विचारलं, "साहेब, मी आता काय लिहू? मी काय केलंच न्हाई, त्याचा खुलासा कसा करत्यात?"

याचं उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर जिंतूर रोडला गेलो.

अर्थात गाडी तिथे अतिशय सुरेख चालली. काकांनी पाटीकडे बोट केलं. मग गौतमच्या तोंडाकडे बघून बोट खाली घेतलं आणि नोटीस मागितली. ती त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"हा शब्द कुणाचा? साहेबाचा?"

"कचेरीचा," मी म्हणालो.

"असं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, नोटीस परत दिली आणि पेटीवर बसून डोळे मिटले. "हां गौतम, बोल. खोकत खोकत बंद पडली का एकदम?"

"एकदम. टप्पदिशी."

"अन् लाल दिवा? बॅटरीचा?"

गौतमने आठवून सांगितलं, "बंद पडताना बारीक लागला. मग इंजिन थांबलं अन् त्यो बी इझला."

काकांनी बशी खाली ठेवली. "इझला? किल्ली चालूच व्हती?"

"चालूच व्हती."

"मुन्शी, ऐकलाव का?" मला ते पहिल्यापासून मुन्शी म्हणत. "किल्ली चालू अन् इंजिन बंद असंल तर हा दिवा जळलाच पाहिजे. जळणाऱ्या दिव्याला भ्यायचं काम न्हाई, तो बोलायलाय. जो जळायला पाहिजे अन् जळंना, त्याला भ्या. दिवाच गेला म्हंजी किल्लीपासून पुढं वीज जायली न्हाई. वाट कुठंतरी तुटायली अन् परत जुळायली. पेट्रोल बेकसूर हाय."

"आणि ड्रायव्हर?"

"त्याचं आत्ताच कसं सांगू? किल्ली त्याच्याच हातात असती."

गौतम म्हणाला, "काका, मी किल्लीला हात लावला न्हाई."

"तू सांगायलास. दिवा सांगंल तवा मी मानीन. परत चालू कवा झाली?"

"साहेब खाली उतरून मला बोलायले, तवा."

"तिन्ही खेपा?"

"तिन्ही. शेवटच्या खेपेला तर आडनाव बी इचारलं."

काकांनी डोळे उघडले. "म्हंजी साहेब बसले की बंद, उतरले की चालू. मग बिघाड सोबत आणलाच न्हाई तुमी. साहेब कुठायत?"

साहेबांना पत्र्याच्या खोलीपुढे आणणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. तेव्हा काकांनी मला साहेबांच्या जागेवर बसायला सांगितलं. गौतमने इंजिन चालू केलं. मी बसलो. काही झालं नाही.

"मुन्शी, तुमी कारकुनासारखं बसलाव. साहेबासारखं बसा."

मी मागे रेललो. माझ्या आयुष्यात तो अधिकार मला तेवढाच लाभला. तरी काही होईना. मग काकांनी गौतमकडून साहेबांचं बसणं सविस्तर काढून घेतलं. मोकळ्या रस्त्याला साहेब बूट काढून झोपतात. गाव येण्याआधी उठवायची गौतमला सक्त ताकीद आहे. उठले की बूट चढवतात, केसांवरून कंगवा फिरवतात, मांडीवर फाइल घेतात आणि डावा पाय उजव्या पायावर टाकतात.

"पाय हलवत्यात का?"

"हलवत्यात. कुणी बघायलं की जास्तच."

मी डावा पाय उजव्यावर टाकला, फाइल नव्हती म्हणून नोटीस हातात धरली आणि पाऊल लांबवून ऐटीत हलवलं. चपलेचं टोक डॅशबोर्डखाली कशाला तरी लागलं. लाल दिवा बारीक पेटला, इंजिन थांबलं आणि दिवाही विझला. गौतमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

काकांनी घड्याळ काढून खिळ्याला अडकवलं, हात धुतले आणि टॉर्च घेऊन खाली वाकले. साहेबांच्या पंख्याला वीज देताना कोणा घाईच्या कारागिराने किल्लीची वायर कापून नुसता पीळ मारून जोडली होती. वरची चिकटपट्टी उन्हाने सुटली होती आणि तो पीळ साहेबांच्या पायापुढे लोंबत होता. बुटाने दाबला की सुटायचा, बूट हलला की जुळायचा.

काका पाठ सरळ करत म्हणाले, "साहेबानं तुझं आडनाव इचारलं व्हतं न्हवं? आता तू मला साहेबाच्या बुटाचा नंबर सांग."

आठवड्यात पहिल्यांदाच गौतम हसला. "नऊ."

मी म्हणालो, आता जोडून टाका. काकांनी चक्क नकार दिला. "आज जोडली तर उद्यापासून गाडी बंद पडणार न्हाई. मग तुमचे साहेब काय म्हणतील?"

मला ते वाक्य तयारच दिसलं: नोटीस मिळताच वाहनचालकाच्या वर्तनात सुधारणा झाल्याचे दिसून येते. ते मीच लिहिलं असतं आणि चांगलं लिहिलं असतं.

खुलाशाची मुदत सोमवारी संपत होती आणि शनिवारी सोनपेठचा दौरा होता. मी साहेबांना सांगितलं की गाडीच्या तपासणीसाठी एक तज्ज्ञ सोबत येऊ इच्छितात. 'तज्ज्ञ' हा शब्द साहेबांना आवडला. तज्ज्ञ शनिवारी बटणं लावलेला पांढरा शर्ट घालून मागे माझ्याशेजारी बसले आणि सोनपेठ जवळ येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. पुढे साहेब झोपले होते. पंखा त्यांना वारा घालत होता.

"साहेब, फाटा आला," गौतम म्हणाला.

साहेब उठले. बूट, कंगवा, फाइल. फाट्यावर चहाची टपरी होती, एसटीची वाट बघणारी दहा-पंधरा माणसं होती आणि निवेदन घेतलेले तीन-चार तरुणही होते. माणसं बघून साहेबांनी डावा पाय उजव्यावर टाकला. लाल दिवा लुकलुकला. गाडी टपरीसमोर जाऊन थांबली.

साहेब गौतमकडे वळणार तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, हालू नका."

साहेबांना हालू नका असं गेल्या वीस वर्षांत कोणी म्हटलं नसावं. ते हालले नाहीत.

"गौतम, दोन्ही हात वर. हां, असंच धर. आता साहेब, लाल दिव्याकडं बघा अन् पाय हळूच खाली घ्या."

पाय खाली आला. दिवा लागला.

"आता पाय वर."

दिवा विझला.

"खाली."

लागला.

एव्हाना टपरीवरची माणसं खिडकीपाशी आली होती. गौतम हात वर करून बसलेला, साहेब पाय वरखाली करतायत, आणि मागे एक कडक इस्त्रीचा माणूस हुकूम सोडतोय. निवेदनवाल्यांपैकी एकजण नम्रपणे म्हणाला, "साहेब, आमाला दिसलं न्हाई. परत एकदा." आणि साहेबांनी, का कोण जाणे, परत एकदा केलं. एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, "साहेबाच्या पायात करंट हाय."

साहेबांनी आपल्या बुटाकडे अनोळखी अर्जदाराकडे बघावं तसं पाहिलं. मग म्हणाले, "हं. म्हणजे वायर सैल आहे."

"हाय ना," काका म्हणाले. "तेवढं तिनं केलं. बाकीचं तुमी."

त्या तरुणांनी निवेदन दिलं. साहेबांनी ते दोन्ही पाय जमिनीवर ठेवून घेतलं. पुढे गावात आणि परतीच्या वाटेवर ते पहिलीतल्या मुलासारखे पाय जुळवून बसले होते.

सोमवारी सकाळी साहेब मला म्हणाले, "ती नोटीस... बघा काय ते." मी खुलासा समाधानकारक असल्याची टिप्पणी लिहिली. तिकडे काकांनी वायर पक्की जोडून दिली होती, पण किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. सहीशिवाय ती मिळणार नव्हती. चिठ्ठी त्यांनी माझ्याकडे दिली: 'वायर सैल. पाय साहेबांचा. ड्रायव्हरचा कसूर नाही.'

मी ती सह्यांच्या पॅडमध्ये टिप्पणीच्या खाली ठेवली. साहेब न वाचता सही करतात हे सगळ्या कचेरीला माहीत होतं, त्यावरच तर कचेरी चालत होती. हिरव्या शाईचं पेन सरसर फिरत चिठ्ठीपाशी आलं आणि थांबलं. मी छताच्या पंख्याकडे पाहत राहिलो. मग पेन पुन्हा चाललं. चिठ्ठीवर 'पाहिले' असा शेरा होता आणि खाली लफ्फेदार सही. ते प्रत्येक कागदावर 'पाहिले' असंच लिहीत, त्यामुळे त्यांनी ती वाचली की नाही हे मी छातीठोक सांगू शकत नाही. एवढंच, की त्या सकाळी दुसऱ्या कुठल्या कागदावर पेन थांबलं नव्हतं. पुढच्या महिन्यात गौतमला कायम करण्याचा कागद त्याच पॅडमधून गेला, तेव्हाही ते थांबलं नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी गौतमला घेऊन मी चिठ्ठी पोचवायला गेलो. काकांनी हिरवी सही उजेडात धरून पाहिली, चिठ्ठी तारेत ओवली आणि किल्ली गौतमच्या हातात दिली. तो बाहेर गाडीकडे गेला. मीही निघालो.

"थांबा मुन्शी."

त्यांनी जांभळी पेन्सिल जिभेला लावून आणखी एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्यापुढे सरकवली. तिच्यावर होतं: 'बिघाड दुसरा. शब्द हेतुपुरस्सर. लावला मुन्शीनं.'

"वाचून सही करा," ते म्हणाले. "तुमच्याकडं न वाचता करायची पद्धत हाय."

मी वाचली. त्यात दुरुस्त करण्यासारखा एकही शब्द नव्हता. बाहेर गौतमने किल्ली फिरवली. लाल दिवा लागला असणार. मग इंजिन सुरू झालं, म्हणजे तो विझलाही असणार. मी सही केली.